उतारावरचं माप

चैत्रात कडूबाची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. अगदीच गेलं असं नाही. एक शब्द तेवढा मागे राहिला, व्हय. भूक लागली का, व्हय. पोट भरलं का, व्हय. ऊन लागतंय का, थंडी वाजतेय का, दोन्हीला व्हय. उभ्या जन्मात कुणाला सहजासहजी होकार न दिलेला माणूस हा. सोयरिकीच्या बैठकीत त्याने भुवई चढवली की पाव्हणे पायताणं शोधायला लागायचे. त्याच्याच तोंडी नेमका होकार उरावा, ही काही हसण्यासारखी गोष्ट नव्हती. पण गाव ते गावच. "मागून घ्या आता कडूबाकडून काय मागायचं ते, नाय म्हनायची सोयच ऱ्हायली नाय," असं शेजारचा सांडू पारावर म्हणाला आणि पारावरची मंडळी पोट धरून हसली.

आत मात्र सगळं शाबूत होतं. बोलायचं ते मनात स्वच्छ उभं राहायचं, ओठापर्यंत यायचं आणि बाहेर पडताना व्हय होऊन पडायचं. मान हलवून नाही म्हणावं तर मानेला आताशा सारखाच कंप होता. ती नाही म्हणतेय की नुसतीच थरथरतेय हे बघणाऱ्याला कळायचं नाही. अक्षरओळख नव्हती, तेव्हा लिहून दाखवायचाही प्रश्न नव्हता. डावा हात चालायचा, पण त्याला कधी कुठलं काम शिकवलेलंच नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पडवीतल्या बाजेवर पडून राहायचं आणि समोर उतारावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघायचं, एवढंच त्याला उरलं होतं.

त्या ट्रॅक्टरला गाव इलायती म्हणायचं. पोलीस ॲक्शन होऊन रझाकारांचं राज्य मोडलं, त्यानंतर थोड्याच सालांत गावचे बडे जमीनदार आप्पासाहेब यांनी तो मागवला होता. बोटीतून आला म्हणून इलायती. पाचोडपासून पैठणपर्यंत लोक बैलगाड्या जुंपून त्याला बघायला आले होते म्हणे. पुढे आप्पासाहेबांच्या पोरांनी नवा घेतला आणि हे जुनं धूड त्यांच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे कडूबाच्या गळ्यात घातलं. तेव्हाही गाव हसलं. कडूबाने त्याच धुडावर आसपासच्या गावांची रानं फोडली, बहिणीचं लग्न केलं आणि धाकट्या भावाला, रामकिसनला, शहरात नोकरीला लागेपर्यंत पोसलं. मग हसणारे हळूहळू थांबले.

बॅटरी आणि स्टार्टर इलायतीला कधीच सोडून गेले होते. म्हणून तो घरासमोरच्या उतारावर, तोंड ओढ्याकडे करून उभा करायचा आणि चाकांपुढे धोंडे लावायचे. सकाळी धोंडे काढले की तो आपल्या वजनानेच खाली निघायचा, क्लच सोडला की खोकत आणि काळा धूर ओकत चालू व्हायचा. एकदा चालू झाला की संध्याकाळी पुन्हा उतारावर येईतो बंद करायचा नाही. रानात भाकरी खातानाही तो शेजारी धडधडत उभा. असे ट्रॅक्टर त्या भागात गावोगाव होते, त्यात नवल काही नव्हतं.

नवल होतं ते ऑइलचं. ऑइल मोजायची पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगाला होती. ट्रॅक्टर असा तोंडघशी उभा, म्हणजे इंजिनाच्या तळातलं ऑइल सगळं पुढे धावायचं आणि पट्टी भरल्याचं सांगायची. सपाटीवर तीच पट्टी जवळजवळ कोरडी. एकदा पाचोडच्या बाजारात, ऐन सपाटीवर इलायती बंद पडला तेव्हा कडूबाने सहज पट्टी उपसली आणि त्याच्या अंगाला घाम सुटला. तेव्हापासून तो रोज सकाळी उतारावर, पट्टीच्या वरच्या खुणेच्याही वर चार बोटं ऑइल चढेपर्यंत ओतायचा. ऑइलचा दाब दाखवणारा काटा मरून कैक वर्षं झालेली, त्यामुळे सगळी मदार त्या चार बोटांवर. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. हातचं राखून ठेवायची त्याला खोडच होती. "इलायती माझ्याबिगर कुनाला वळखत नाय," असं तो मिशीवर हात फिरवत म्हणायचा. लोकांनाही ते खरं वाटायचं, कारण दुसरा कुणी बसला की ट्रॅक्टर तापायचा. आता बाजेवर पडल्या पडल्या त्याला त्या मिशीची लाज वाटत होती.

दसऱ्याच्या आधी रामकिसन सुट्टी काढून आला. वाळूजच्या एका कारखान्यात तो खोकी भरायच्या कामाला होता. शर्टाची घडी न मोडणारा, मऊ बोलणारा माणूस. आल्या आल्या बाजेशी बसून त्याने भावाचे पाय दाबले.

"वैनी, रान कसं हाय?" त्याने विचारलं.

"कसं असंल?" मनकर्णाबाई, कडूबाची बायको, धारेची चरवी ठेवत म्हणाली. "चैतापासून कुनी हात लावला नाय. वढ्याकडचं रान हराळीनं गच भरलंय. पाऊस आत्ता कुटं उघडला. वाफसा आलाय, पर टिकतोय कवर? चार दिसात ढेकूळ व्हतंय बगा त्याचं."

बैलजोडी कडूबाच्या दवाखान्याच्या खर्चापायी विकली गेली होती. या ओलीत रान मोडून शाळू पेरला गेला तर घरात दाणा आणि गाईला कडबा. ओल उडाली तर मनकर्णाबाईला हातात विळा घेऊन लोकांच्या बांधावर जावं लागणार होतं, जिथे कडूबाची बायको म्हणून तिने आजवर पाय ठेवला नव्हता. राहिला होता इलायती. तो चालला तर सगळं चाललं असतं आणि तो बसला तर सगळं बसलं असतं. हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रामकिसनने इंजिनावरची चिमण्यांची घाण झाडली. पाणी भरलं, डिझेल भरलं. मग पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून काढली. जपून, एक थेंब बाहेर न सांडता डब्यातलं ऑइल ओतलं आणि पट्टी दोन्ही हातांवर धरून बाजेपाशी आला. देवळातला प्रसाद आणावा तशी आणली.

"दादा, हे बगा. वरच्या खुनेला टेकलं. बराबर हाय ना?"

नाही, कडूबा आतून ओरडला. नाही रे बाबा, अजून ओत, चार बोटं वर चढू दे. त्याने जीभ उचलली, सगळा जोर लावला.

"व्हय," तो म्हणाला.

रामकिसनचा चेहरा फुलला. मोठ्या भावाने आपल्या कामाला बरं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने पट्टी परत बसवली, धोंडे बाजूला केले, आणि इलायती उताराला लागला. खोकला, धूर ओकला, धडधडायला लागला. मनकर्णाबाईने लांबूनच हात जोडले. कडूबा बाजेच्या लाकडी गातावर डाव्या हाताची मूठ आपटत राहिला. तिला वाटलं, धनी खूश झाले.

पहिल्या दिवशी वरच्या बाजूचं हलकं रान होतं. ट्रॅक्टरमागच्या मोगड्याचे फाळ मातीत जेमतेम रुतत होते. इंजिनावर ओढ नव्हती, आणि निम्मा दिवस खटपटीतच गेला होता. संध्याकाळी ट्रॅक्टर धड परत आला. रामकिसन अंगभर धूळ घेऊन, पोराच्या आनंदाने पडवीत बसला.

"दादांनी सकाळीच व्हय म्हनलं, तवाच वळखलं मी, काय व्हत नाय आता."

"त्येंच्या व्हयवर नका जाऊ भावजी," मनकर्णाबाई म्हणाली. भाकरी थापता थापता ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "परवा मी वैतागून म्हनलं, मी मेले तर सुटाल का? तर म्हनत्यात, व्हय."

कडूबाने तेवढ्यात डावा हात वर केला होता. मूठ वळून, अंगठा खाली करून, डब्यातून काही ओततात तसा तो हात वाकडा करत होता. पुन्हा पुन्हा.

"पानी पायजे?" रामकिसनने विचारलं.

"व्हय."

पाणी आलं. कडूबाने तांब्या ढकलला. पाणी बाजेवर सांडलं.

"पानी नाय त्ये," मनकर्णाबाईने हात पुसला आणि त्याच्या बोटांकडे निरखून बघितलं. बोटाच्या टोकांनी तो आता तेलकट काही चोळल्यासारखं करत होता. तिच्या ध्यानात आलं. "तेल! तेल म्हनत्यात व्हय? कळलं, कळलं मला."

कडूबाने हात खाली घेतला. बायकोच ती, तिला कळणारच होतं. ती आत गेली आणि करडईच्या तेलाची वाटी कोमट करून घेऊन आली. त्याच्या मेलेल्या उजव्या हाताला, खांद्याला, पायाला ती तेल चोळत बसली, मन लावून, दिवसभराच्या कामानंतर दुखणाऱ्या हातांनी. कडूबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखतंय का?" तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"व्हय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. पट्टी काढली, पुसली, थोडं उणं होतं तेवढं खुणेपर्यंत भरलं, आणि बाजेपाशी आणून दाखवली. रामकिसनच्या कामात कसर म्हणून नव्हती, हेच कडूबाला सोसवत नव्हतं. आळशी असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या मनातल्या मनात. दिवसभर तो कान टवकारून पडून राहिला. रान घरापासून हाकेच्या अंतरावर. ट्रॅक्टर वळताना, फाळ उचलताना, पुन्हा ओढ घेताना इंजिनाचा आवाज कसा बदलतो हे त्याला पाठ होतं. दुपारनंतर त्या धडधडीत काही तरी कोरडं वाजायला लागलं. बारीक, लांबचं, लोहाराच्या भात्याआड कुणी हलकेच हातोडी टेकवावी तसं. बाकी कुणालाही ते ऐकू आलं नसतं.

तिसरा दिवस ओढ्याकडच्या रानाचा होता. काळी, चिकट, खोल जमीन, आणि तीत हराळीची मुळं चटईसारखी विणलेली. ते मोडलं की पेरायला मोकळं. त्या रानात इलायतीला जन्माची ताकद लावावी लागायची, आणि कडूबा त्या दिवशी चार बोटांची पाच बोटं करायचा.

म्हणून त्या सकाळी, मनकर्णाबाई गाईखाली बसलेली आणि रामकिसन ओढ्याकडे गेलेला बघून, कडूबाने स्वतःला बाजेवरून खाली टाकलं. कोपर फुटलं. डाव्या हाताने जमीन ओढत, मेलेला पाय मागे फरफटत तो पडवीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे ऑइलचा डबा होता. धोतर सुटलं, ते मागेच राहिलं. डब्याची कडी हातात आली, त्याने तो अंगणापर्यंत ओढला, आणि उताराच्या तोंडाशी डबा कलंडला. काळं ऑइल मातीत पसरलं आणि त्याच्या छातीखाली शिरलं.

सांडू दात घासत कुंपणापाशी उभा होता, त्याने पहिल्यांदा बघितलं. "अरं आरं आरं! वैनी, बाहेर या, कडूबानं काय मांडलंय बगा!"

मनकर्णाबाई धावत आली. तिने आधी धोतर उचलून त्याच्या अंगावर टाकलं आणि मग डबा उभा केला. निम्मं ऑइल उरलं होतं. रामकिसन आला, त्याने भावाला काखेत हात घालून लेकरासारखं उचललं. अख्खं शिवार ज्याच्या आवाजाला दचकायचं तो माणूस उघड्या मांडीने त्याच्या हातात लोंबकळत होता, आणि सांडू तोंडात राखुंडी धरून बघत होता. रॉकेलच्या बोळ्याने रामकिसनने त्याची छाती पुसली. पुसता पुसता तो थांबला.

"वैनी, दादा आईल वत म्हनत असतील का? रोज हातानं तेच करत्यात."

कडूबाने त्याचा शर्ट धरला. मान थरथरली, सगळं अंग थरथरलं. "व्हय! व्हय! व्हय!"

चैत्रापासून पहिल्यांदा त्याच्या मनातला आणि तोंडातला शब्द एक झाला होता.

रामकिसनने पट्टी काढली, पुसली, घालून पुन्हा काढली. ती वरच्या खुणेच्या किंचित खाली होती. डब्यात उरलेल्यातलं थोडं ओतून त्याने ती खुणेला आणली आणि भावाला दाखवली. "हे बगा, भरलं. आजून वतू?"

"व्हय!"

"आरं, जास्ती वतू नको," सांडू कुंपणावरून म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. "जास्ती झालं तर शीलं फुटत्यात इंजिनाची. माझ्या मेव्हन्याचा ट्रॅक्टर असाच गेला. मग बस बोंबलत. खुना कशापायी केल्यात तितं कंपनीनं?"

रामकिसन गोंधळला. एकदा पट्टीकडे, एकदा भावाकडे बघत राहिला. मग बाजेपाशी उकिडवा बसून त्याने हळूच विचारलं, "दादा, आज शुक्रवार हाय का?"

कडूबाला कळलं तो काय करतोय ते. त्याने ओठ घट्ट मिटले. बोलायचंच नाही असं ठरवलं. पण रामकिसन वाट बघत होता, तोंडाकडे डोळे लावून, आणि त्या ओठांवर कडूबाची सत्ता आता उरली नव्हती.

"व्हय."

"का सोमवार हाय?"

"व्हय."

"मी कोन हाय? सांडू हाय का मी?"

"व्हय," कडूबा म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

कुंपणावर सांडूसुद्धा हसला नाही. रामकिसन उठला. डब्याला झाकण लावून त्याने तो उंच फळीवर ठेवला, भावाचा हात पोचणार नाही असा. "त्येंना काय कळंना झालंय वैनी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ध्यान ठिवा." मग त्याने धोंडे काढले.

दिवस चढत गेला. इलायती ओढ्याकडे कण्हत होता. मोगडा हराळीत शिरला की इंजिन दबायचं, धूर उठायचा, पुन्हा सावरायचं. कडूबा प्रत्येक वळणाला श्वास धरायचा. अजून निम्मं रान. अजून थोडं. निभेल कदाचित, त्याला वाटायला लागलं, ओढ्याची थंड हवा आहे, निभेल. माणूस आशेला किती चिवट असतो. भाकरीच्या वेळेला आवाज एका जागी आला. रामकिसन जेवत असणार आणि तो शेजारी धडधडत असणार. आणि मग पुन्हा ओढ लागली, आणि ठक झालं.

ठक. ठक. ठक. इंजिनाच्या पोटातली हातोडी आता लपत नव्हती. बेअरिंग कोरडं पडलं होतं. अजून वेळ होता. आत्ता, या क्षणी कुणी ते इंजिन बंद केलं असतं तर ते वाचलं असतं. रानात तसंच उभं राहू दे, नंतर कुणाच्या तरी बैलांनी ओढून आणता येईल. फक्त बंद कर.

मनकर्णाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. कडूबाने तिचा हात पकडला. सूप उलटलं, दाणे उधळले. तो रानाकडे बोट दाखवू लागला, घशातून नुसता घर्र घर्र आवाज काढत.

"काय झालं? काय हो?" तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने हा चेहरा वाचला होता, रागाचा, मस्तीचा, दुखण्याचा. हा भीतीचा होता, आणि भीती तिने त्यावर कधी पाहिली नव्हती. "भावजींकडं जाऊ? बंद करा म्हनू?"

"व्हय."

ती उठली. विचारलं नाही, पारखलं नाही. पदर खोचला आणि अनवाणी पळत सुटली. दाण्यांवरून तिचे पाय घसरले, ती सावरली, उतारावरून खाली गेली, बाभळीआड दिसेनाशी झाली. "भावजीऽऽ! बंद करा होऽऽ!" तिचा आवाज त्याला ऐकू येत होता. इंजिनाच्या आवाजापुढे तो रानापर्यंत पोचत नव्हता. कडूबा तिच्या पावलांबरोबर मनातल्या मनात धावत होता. आता ओढा. आता बांध. आता वळ, उजवीकडून वळ.

ठक ठक ठक ठक, आणि मग लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांब, किंचाळणारा आवाज. त्यानंतर काहीच नाही. ओढ्यातली बगळ्यांची रांग उठली आणि घरावरून निघून गेली. गाईने मान वर करून तिकडे बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली.

दोघं चालत आली. मनकर्णाबाई पुढे, रामकिसन मागे. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्याच हातांनी त्याने कपाळ पुसलेलं होतं. तो बाजेपाशी येऊन उभा राहिला, कारखान्यात खोकं पाडल्यावर मुकादमासमोर उभा राहत असेल तसा.

"जाम झाला दादा," तो म्हणाला. "फिरतच नाय इंजिन. आतून मोडलं कायतरी. निम्मं रान ऱ्हायलं." त्याने काळे हात शर्टाला पुसले. "पट्टी काढून बघितली तितं. ठनठनीत कोरडी. टोकाला थेंब नाय. आन सकाळी भरल्याली व्हती, तुमाला दावली मी, ह्या इथं..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने वळून उताराकडे बघितलं. मोकळी जागा, दोन धोंडे, आणि सकाळी सांडलेलं ऑइल. ते काळं ऑइल सांडल्या जागी राहिलं नव्हतं. ओघळून खाली, उताराच्या पायथ्याशी जाऊन साचलं होतं. रामकिसनची नजर त्या ओघळाबरोबर खाली उतरली. मग तो हळूहळू खाली बसला.

"दादा, तुमाला ठावं व्हतं?" त्याने विचारलं. "म्हनून वत म्हनत व्हता?"

कडूबाने भावाकडे बघितलं. ट्रॅक्टर गेला होता, ओल आज ना उद्या उडणार होती, मनकर्णाबाईच्या हातात विळा येणार होता. ते आता टळणार नव्हतं. पण हा पोर उद्या त्याच मऊ हातांनी खोकी भरायला जाईल आणि मरेपर्यंत हे मनात घेऊन फिरेल. तेवढं तरी टाळता आलं असतं. कडूबाने जीभ टाळूला लावली. एकच शब्द हवा होता, तो आयुष्यभर ज्याला त्याला तोंडावर फेकलेला. कपाळावरची शीर फुगली, मान गदगदा हलली.

"व्हय," तो म्हणाला.

"आवो भावजी, त्येंचं तसंच असतंय," मनकर्णाबाई घाईघाईने पुढे आली. "सोमवारला बी व्हय म्हनलं की सकाळी. त्येंना काय ठावं असनार? काय बी मनाला लावून घेऊ नका."

पण रामकिसन ऐकत नव्हता. त्याने बाजेच्या गातावर डोकं टेकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. कडूबाने डावा हात उचलून त्याच्या धुळीने भरलेल्या केसांवर ठेवला, आणि नाही म्हणायला पुन्हा तोंड उघडलं.